बेरीज जुळेपर्यंत

नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये एकतीस वर्षं
मी कागद मोजले.
एक कागद कमी भरला की गेट उघडायचं नाही.
दुपारची पाळी रात्रीपर्यंत उभी,
कुणी कुणाच्या नजरेला नजर द्यायचा नाही.
सापडायचा मग. कुठंतरी दुसऱ्याला चिकटलेला.

रविवारी गोल्फ क्लबच्या मैदानावर
कापडी मांडवाखाली टेबल, दोन पेनं,
आणि वारा पानं उलटवतो म्हणून एक दगड.
जिल्ह्याच्या पोरांचे चेंडू मी टिंबाटिंबानं लिहिले.
फलंदाजांकडची बेरीज आणि गोलंदाजांकडची बेरीज
जुळली की जीव भांड्यात पडायचा.

त्याच पोरांतला एक, सिन्नर फाट्यावरच्या आहेरांचा समीरण.
डावखुरा फिरकी, चेंडू सोडताना जीभ बाहेर काढणारा.
आता आयर्लंडात, तिथल्या वायव्येच्या कोपऱ्यात,
आठवडाभर म्हाताऱ्यांच्या दवाखान्यात पलंग ढकलतो
आणि शनिवारी विभागाच्या संघातून खेळतो.
"काका, इथं पंच कमरेला चार-चार स्वेटर बांधून उभे,
चेंडू ओला, बोटं आपली नाहीतच असं वाटतं."
मी म्हटलं, ते राहू दे. ओव्हर किती टाकल्यास?

मेन रोडवरून जाड पुठ्ठ्याची वही आणली.
तिथं खेळ सुरू होतो तेव्हा इथं चहा उकळत असतो.
नावं देवनागरीत घेतली तर रांगेत बसेनात,
गॅलाहर, डोहर्टी, मॅकिल्वेन, ओकेन,
आणि मध्येच आपला आहेर,
पंगतीत चुकून बसलेल्या वाढप्यासारखा.

सामने अकरा. बळी नऊ.
सर्वोत्तम, बेचाळीस धावांत तीन.
धावा सतरा, झेल दोन.
सुटलेल्या झेलांना वहीत रकाना नसतो.
ते पोरगं स्वतःच सांगायचं, आवाज खाली घेऊन.

बाराव्या सामन्यात नाव नव्हतं.
तेराव्यातही.
मग फोन. "बंद करा काका आता ती वही.
ड्यूटी बदललीय, शनिवार मिळत नाही."
जरा थांबून,
"खरं सांगू? काढलंय मला."
मी बरं म्हटलं.

पण तोवर गॅलाहर लागला होता मागं.
इमन गॅलाहर. नवव्या नंबरवर येतो.
मेंढ्या पाळतो, असं समीरणच एकदा म्हणाला होता.
त्याची मागची वर्षंही मी हुडकून काढली.
अठ्ठेचाळीस डाव, सरासरी सहा पूर्णांक दोन,
सर्वोच्च बावीस, शून्यावर पंधरा वेळा.
चेहरा पाहिलेला नाही.
पण पंधरा वेळा शून्यावर परतून
सोळाव्यांदा पॅड बांधणारा माणूस
कसा चालत येत असेल ते मला ठाऊक आहे.
हातमोजा दातात, कुणाकडेही न बघता.

परवा रात्री पावणेअकरा.
वालदेवीकडून डास येत होते, खिडकी लावून घेतली.
गॅलाहर, नाबाद तेवीस.
मी टेबलावर हात आपटला.
आतून ही धावत आली, "काय झालं? कोण गेलं?"
म्हटलं, कुणी नाही. नाबाद आहे.
"कोण नाबाद?"
आता हिला काय सांगायचं.
म्हटलं, आहे एक, मेंढ्यावाला.
ती बघत राहिली आणि दिवा मालवायला सांगून गेली.

सामना ते हरलेच, चार धावांनी.
ते चालतं. हरणं लिहिता येतं.
पण फलंदाजांकडून, अवांतर धरून, एकशे शहाण्णव
आणि गोलंदाजांकडून एकशे सत्त्याण्णव.
तिथल्या कुणा पेनवाल्यानं
एक धाव कुठं ठेवली, देव जाणे.

पुन्हा पहिल्या ओव्हरपासून बोट ठेवत निघालो.
कुणाची असेल ती. ओकेनची असेल. वाइडही असेल.
त्याचीही असेल, मग तेविसाचे चोवीस.
बारा वाजून गेले. दिवा चालूच.
गेट लावलंय मी, कुणी घरी जायचं नाही.
तिथं अजून उजेड असेल.